कावेरीच्या मांडवाचे डहाळे

मु. वाडी, पो. चुडावा, जि. परभणी
१० मार्च २०२५

चि. निकितास,

आत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळे खुशाल. तूबी खुशाल असशील असं धरून चालते, कारण पुण्याला गेल्यापासून तू बिमार पडली तरी कुणाला सांगत न्हाईस.

तुझं पारसल भेटलं. पोस्टमन दारात उभा राहून म्हणला, मावशी, पुण्याहून जड आलंय, पेढे असले तर मलाबी द्या. फोडलं तर पुस्तकं, आन तीबी सगळी एकसारखीच. एकच पुस्तक इतक्यांदा कामून पाठवलंस? मग तुझी चिठ्ठी वाचली तवा कळलं की अंगणवाडीतल्या लेकरांना दाखवायचं हाय आन ती काय म्हणतेत ते तुला कळवायचं हाय. बाई, माझं काम खिचडी शिजवायचं, झाडून घ्यायचं, नाकं पुसायचं. पुस्तक दाखवायचं काम धम्मशीला मॅडमचं. तिला दिलं. ती लय खूश झाली.

मीबी बगितलं. मी चौथी शिकलेली, लिहायला हात चालतो, पण छापलेलं वाचायला अक्षराला अक्षर लावत बसते, म्हणून चित्रंच बगितली. ती डोंगरातली नवसाबाई, रस्त्याच्या कडेची आंब्याची झाडं तोडायला मशीन आलं, तवा गावातल्या बाया घेऊन एकेका झाडाजवळ जाऊन उभी राहिली, असंच ना? चांगलं हाय. पण तिचं तोंड तू चंद्रासारखं गोल काढलंस. एवढं उन्हात राबणारी बाई अशी असती का? आन लुगडं इतकं निळं कुठं मिळतंय ते सांग, मलाबी घ्यायचंय.

आता खरी खबर. माझ्या कावेरीचं जमलं. पोरगा सेलूचा, प्रीतम, जिनिंगमधी कामाला. अक्षय तृतीयेचं लग्न, आपल्या दारात. तुला ठाऊक हाय, माझं लग्न दुष्काळात झालं. झाडाला पान नव्हतं, मांडवावर खताच्या दुकानाची ताडपत्री टाकली व्हती. वर बगितलं की पिवळं पिवळं आन खताचा वास. तवाच मनात धरलं की मला लेक झाली तर तिच्या डोक्यावर हिरवं असंल. गाडीभर मांडवडहाळे आणणार, दाट. खालून आभाळ दिसू नये.

तू म्हणशील आत्या फोन कर. फोनवर मी बोलायले की तुझे आतोबा बाजूला बसून दुरुस्त्या करतेत. कागदावर कुणी मधी बोलत न्हाई.

लोभ असू दे. नसला तरी पत्र लिही.

तुझी आत्या
केशर

*

पुणे
२२ मार्च २०२५

ती. केशरआत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आलं आणि मी ते ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. नवसाबाईच्या गोल तोंडावर सगळे हसले, माझ्याखेरीज. ती खरंच तशी आहे गं. मी तिच्याकडे आठवडाभर राहिले होते. उन्हानं काळी झालेली, पण चेहरा गोल, आणि हसली की आणखी गोल. लुगडं मात्र तिचं विटक्या रंगाचं. निळं मी केलं. मला वाटलं, लहान पोरांना ती लांबूनही दिसली पाहिजे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, हे पुस्तक का केलं. मोठ्या माणसांना झाडाबद्दल काही सांगायला गेलं की ती मान हलवतात आणि विसरतात. तीन-चार वर्षांच्या पोराला नवसाबाई भेटली तर ती त्याच्या घरातलीच होऊन जाईल असं वाटतं. पुढे कधीतरी कुणी झाड तोडायला आलं की त्याला कायदा आठवणार नाही, ती बाई आठवेल. हे स्वप्नच आहे म्हण. तुला पाठवल्या त्या नुसत्या नमुन्याच्या प्रती, पुस्तक खरं छापण्याआधी मला खऱ्या पोरांसमोर ते स्वप्न पडताना बघायचंय. म्हणून तुला त्रास.

कावेरीताईच्या लग्नाला मी येणारच. चार दिवस आधी. तुझ्या हिरव्या मांडवात मी झोपूनच राहणार आहे, वर बघत.

तुझ्या रागाइतकाच लोभ असू द्यावा, म्हणजे पुष्कळ झालं.

तुझी
निकिता

*

वाडी
६ एप्रिल २०२५

चि. निकितास,

अनेक आशीर्वाद. उन्हानं जीव बेजार हाय. अंगणवाडीचे पत्रे तापतेत, म्हणून लेकरांना वढ्याच्या काठी जांभळाखाली बसवतो. झाड सध्या फुलोऱ्यावर हाय. दिवसभर मधमाशा गुणगुण करतेत, पांढरी फुलं खिचडीत पडतेत आन लेकरं फुलांसकट खातेत. खाऊन झालं की तिथंच आडवी व्हतेत. मग वारं सुटतं, सावली इकडून तिकडं हलती, आन कोण झोपलंय, कोण जागं हाय कळत न्हाई. मीबी कधी खोडाला टेकते. मला कामाच्या जागी झोप लागत न्हाई, हे तू कुणालाबी विचार. पण त्या झाडाखाली लागती.

तुझ्या पुस्तकाचं सांगते. धम्मशीला मॅडमच्या मागं सरकारनं सतरा कामं लावलीत. ती गेली की लेकरं मला धरतेत, मावशी, नवसाबाई सांगा. वाचायला गेले तर एका पानाला दुपार जाईल. म्हणून चित्र दाखवते आन माझ्या परीनं सांगते. ते अर्जाचं पान हाय ना, नवसाबाई साहेबाला अर्ज देती, परत देती, ते आलं की लेकरं जांभया देतेत. मी ते उलटून टाकते. पुढचं मातर रंगवून सांगते. लेकरांचे डोळे असे व्हतेत की मलाच खरं वाटायला लागतंय.

एक पोरगी हाय, वैदेही. पार्वतीबाईची नात. मायबाप दिवाळीपासून ऊसतोडीला कोल्हापूरकडं, पोरगी आजीपाशी. कमी बोलती. तिनं पुस्तकाला रोज हात लावून बगायचा नेम धरलाय, जसा देवाला लावतेत. आता मायबाप परत आलेत. बाप शिवप्रसाद घरी आल्या दिवसापासून पोरीच्या मागं मागं फिरायलाय, पोरगी जवळ जाईना. आजीला विचारते, ते कधी जाणार. बापाला ते म्हणायली. शिवप्रसाद गडी चांगला, रागावला न्हाई. कावेरीचे डहाळे तोच तोडणार हाय, उसाच्या कोयत्यानं हात बसलाय त्याचा.

आन ऐक, हसू नको. परवा त्या झाडाखाली डोळा लागला तर सपनात नवसाबाई आली. तेच निळं लुगडं. म्या म्हणलं, काय काम हाय? माझ्या बाजूला बसली आन पदरातली फुलं निवडत राहिली. जागी झाले तर माझ्या पदरात फुलं. ती तर झाडाचीच, वरून पडलेली. पण जरा वेळ मला काही सुधरंना.

लौकर ये. कामं हायत. लोभ हाय म्हणून बोलवायले, फुकट न्हाई.

तुझी आत्या
केशर

*

पुणे
१६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. पत्राला लांबूनच हात लाव, मला कांजण्या झाल्यात. हस, पोटभर हस. एवढी घोडी झाली आणि कांजण्या. डॉक्टरांनी घरातून हलायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि लग्नघरात पोरंटोरं असणार, त्यामुळे मी येऊ शकत नाही. काल दिवसभर रडले. आज अंगाला खाज इतकी सुटली की रडायला सवड नाही.

तापात पडल्या पडल्या तुझं जांभूळ दिसत राहतं. मी ते किती वर्षांत पाहिलेलं नाही, तरी पानं हलताना ऐकू येतात. म्हणून एक विचारते. रागावू नकोस. कावेरीताईचे डहाळे त्याच झाडाचे का? लहानपणी मी आले होते तेव्हा बांधाबांधावर झाडं होती. आता बाबा म्हणतात की वाडीत मोठं झाड ते एकच उरलंय, आणि लग्नसराईत प्रत्येक मांडवाची गाडी तिथेच जाते. फुलोऱ्यातल्या फांद्या तोडल्या तर पोरांना यंदा जांभळं कुठून मिळतील?

मांडव हिरवा व्हावा असं मलाही वाटतं. तुझ्यासाठी तर फारच वाटतं. फक्त विचारलं.

लोभ आहेच, तो कमी करू नये.

तुझी फोडांनी भरलेली
निकिता

*

वाडी
२२ एप्रिल २०२५

चि. निकितास,

आशीर्वाद. फोड खाजवू नको, डाग राहतेत, मग तुझं जमवताना मला खोटं बोलावं लागंल. कडुनिंबाच्या पाल्यावर नीज.

व्हय, त्याच झाडाचे. दुसरं झाड दाखव, तिथनं आणते. वढ्याकाठी हाय, कुणाच्याच मालकीचं न्हाई, म्हणून समद्यांचं हाय. साऱ्या वाडीच्या लेकीबाळींवर त्या झाडानं सावली धरली. तवा कुणी काही म्हणलं न्हाई. आन माझ्या कावेरीची बारी आली तवा तुला जांभळं आठवली? तू चित्रातलं झाड वाचीव. खऱ्याचं मी बगते.

मला एकच लेक हाय. एकच मांडव. ह्याच्यापुढं लिहिणार न्हाई.

केशर

*

वाडी
४ मे २०२५

चि. निकितास,

आशीर्वाद. द्यायचं मन न्हाई, पण तू बिमार हाईस म्हणून देते.

लग्न झालं. तुझा बाप मामा म्हणून कावेरीच्या पाठीशी उभा राहिला, त्यानं फोनवर तुला काहीतरी सांगितलंच असंल. तो उशिरा आलेला, त्यानं अर्धं बगितलं. सगळं माझ्याकडून ऐक.

मांडवाच्या दिवशी सकाळीच शिवप्रसादनं बैलगाडी जुपली. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले. जांभळावर चढून गाडीभर डहाळे तोडले, फुलोऱ्यासकट. गाडी निघाली तवा दुरून बगणाऱ्याला वाटावं, झाडच चालत यायलंय. मधमाशाबी मागं मागं. पुढं वाजंत्री, मागं बाया, मी हातात ताट घेऊन सगळ्यांच्या पुढं. निकिता, माझे पाय जमिनीला लागत नव्हते. इतकं हिरवं म्या एका जागी कधी बगितलं नव्हतं. तुला रीत म्हाईत हाय, डहाळ्याची गाडी एकदा सुटली की मारुतीपुढंच थांबायची, मधी कुणी थांबवायची न्हाई.

गाडी अंगणवाडीपुढं आली. रस्त्यात वैदेही आडवी पडलेली. तिच्या बाजूनं बाकीची लेकरं ओळीनं, हात अंगाला लावून, डोळे मिटून. दुपारच्याला झाडाखाली झोपतेत तशी. मला आधी वाटलं झोपलीच हायत, उन्हात कामून झोपलीत. बैल आपसूक थांबले, त्यांना कोण रीत सांगणार. वाजंत्री थांबली. एवढ्या गर्दीत मधमाशा तेवढ्या ऐकू यायल्या.

वैदेही डोळे न उघडताच म्हणली, माझ्यावरनं गाडी न्या.

लोक हसले. कुणी म्हणलं आमदार व्हणार पोरगी. पार्वतीबाई धावली, कान उपटते म्हणली. शिवप्रसाद खाली उतरला, तिच्यापाशी बसला, काय पाहिजे माय, असं विचारलं. तवा तिनं डोळे उघडले आन बापाला सांगितलं, डहाळे परत झाडाला लावा.

आता सांग, हे काय मागणं झालं? म्या शिवप्रसादला म्हणलं, उचल पोरीला आन हाण गाडी, रडली तर रडू दे. बायांत कुजबुज झाली की मांडवाच्या डहाळ्यापुढं लेकरू रडवू नये. म्या म्हणलं, मी बगते काय व्हतंय ते. पण त्यो गडी तिथंच बसून राहिला. घरी आल्यापासून पोरगी त्याला पयल्यांदा काहीतरी बोलली व्हती. तिनं हात पुढं केला, उठवा म्हणून. त्यानं तो हात धरला, पोरीला उचलून गाडीवर पुढ्यात बसवलं आन बैल फिरवले. मला म्हणला, मावशी, माफी करा, माझ्या पोरीनं आजवर मला काही मागितलं न्हाई. झालं. गाडी वढ्याकडं गेली. मी ताट घेऊन रस्त्यात उभी.

मागनं गेले, शिव्या द्यायला. तिथं काय बगते, शिवप्रसाद झाडावर, लेकरं खालून एकेक डहाळी देतेत, आन तो बांधायलाय. बैलांच्या गोंड्याच्या दोऱ्यानं, धोतराच्या चिंध्यांनी, धम्मशीला मॅडमच्या ओढणीनं. सगळं बांधून झाल्यावर लांबून झाड पयल्यासारखंच दिसत व्हतं. आन मला शिवी आठवंना. उभी राहून बगतच राहिले. वारं आलं तर बांधलेली पानं न बांधलेल्या पानांबरोबरच हलली.

पण घरी आल्यावर मांडव उघडा. दुसऱ्या दिवशी सेलूची मंडळी रेल्वेनं चुडाव्याला उतरणार. तुझ्या आतोबांनी पुन्हा डहाळे तोडून आणतो म्हणलं, तर कुणी गाडी द्यायला तयार न्हाई. एकदा फिरलेली गाडी परत जुपायची न्हाई म्हणे. मग निळी ताडपत्री आणली. विहीणबाई कमलबाई आल्या, वर बगितलं आन म्हणल्या, आमच्या सेलूत रोजंदारीवाल्याच्या मांडवालाबी चार डहाळे असतेत. माझ्या तोंडाशी जबाब आला. गिळला. मी, निकिता, गिळला.

अंतरपाट धरला तवा ऊन बरोबर डोक्यावर व्हतं. ताडपत्रीतनं सगळीकडं निळं पडलेलं. कावेरीचं तोंड निळं, अक्षता निळ्या, लेकरं मांडवात उड्या मारत म्हणायली की पाण्याखाली लग्न हाय. जरा वेळ मलाबी तसंच झालं. आवाज लांबून यायले. मी कुठं हाय, माझं लग्न हाय का लेकीचं, काही कळंना. टाळी वाजली तवा भानावर आले.

लेक गेली. घर खाली झालं. ह्याचा सगळा जिम्मा तुझ्या पुस्तकाचा. तुझी नवसाबाई रस्त्यात आडवी पडली नसती तर माझ्या लेकीच्या डोक्यावर हिरवं असतं.

लोभाचं पुढच्या पत्रात बगू.

केशर

*

पुणे
१२ मे २०२५

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा हसू आलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना एका वाक्यावर थांबले.

आत्या, माझ्या पुस्तकात नवसाबाई रस्त्यात आडवी पडत नाही. कुठल्याही पानावर नाही. ती उभी राहते, अर्ज देते, परत उभी राहते. माझ्यावरनं गाडी न्या असं ती कधीच म्हणत नाही. पुस्तकात तर गाडीसुद्धा नाही. हे पान तू कुठून आणलंस?

मी दोष देत नाही. दोष द्यायचा तर माझाच आहे. मी पुस्तकात फक्त वाचवलेली झाडं काढली. नवसाबाई पहिल्यांदा उभी राहिली त्याच्या आदल्या दिवशी मशीननं रस्त्याची अर्धी बाजू साफ केली होती. तिनं मला ती खोडं दाखवली होती. मी ती काढली नाहीत. लहान पोरांना कशाला, असं वाटलं. आता वैदेही रोज त्या बांधलेल्या डहाळ्यांकडे बघत असेल आणि ते जीव धरतील म्हणून वाट पाहत असेल. हे मी काय करून ठेवलं? ऑफिसात सांगून छपाई थांबवावी असं मनात येतंय. तुझा हिरवा मांडव गेला, आणि पोरीला मिळाली वाळलेली पानं. असलं पुस्तक काय कामाचं?

कांजण्या उतरल्या. नाकावर एक डाग राहिलाय, तेवढं खोटं तुला बोलावं लागेल.

लोभ राहिला असेल तर कळव. मी वाट बघतेय.

तुझी
निकिता

*

वाडी
२५ मे २०२५

चि. निकितास,

आशीर्वाद, आन आता मनापासून.

नसंल ते पान. तुझ्या पुस्तकात बाया नुसत्या उभ्या राहतेत. उभं राहून कुठं काय व्हतंय? आमच्याकडं बस थांबवायची तरी रस्त्यात मधी जावं लागतंय. म्हणून म्या तिला आडवी पाडली, मशीनाच्या जागी गाडी घातली, आन माझ्यावरनं न्या हे वाक्य तिच्या तोंडात घातलं. मला लय आवडलेलं ते वाक्य. मी ते ठसक्यात म्हणायचे, लेकरं माझ्यामागनं म्हणायची. तुझ्या पत्रानंतर आठवलं. तुझ्या आतोबांना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. म्हणले, म्हणजे केशर, तुझी गाडी तूच अडवली. म्या त्यांना दोन दिवस चहा दिला न्हाई.

डहाळे सुकले. तिसऱ्या दिवशीच पानं मान टाकायली. लेकरं आपापल्या पेल्यातलं प्यायचं पाणी नेऊन बांधलेल्या दोऱ्यांवर वतायली. शिवप्रसादनं पोरीला खांद्यावर घेऊन वरच्या डहाळ्यालाबी पाणी घालू दिलं, त्याला खोटं सांगवेना आन खरंबी सांगवेना. शेवटी ती माझ्याकडं आली, मावशी, कामून लागंनात? म्या सांगितलं, तुटलेलं परत लागत न्हाई. दुसरं कसं सांगणार? धम्मशीला मॅडम म्हणली, हळू सांगायचं व्हतं. हळू सांगितलं तरी तेच सांगायचं ना. वैदेही रडली न्हाई. चुलीपासला कोळसा घेतला, तुझ्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर एक फांदी काढली, पानं खाली लोंबणारी, आन पुस्तक मिटून जाग्यावर ठेवलं. आता नवसाबाई सांगताना त्या पानापर्यंत जायचं, मगच गोष्ट संपली, असा तिचा नेम हाय. दुसऱ्यांनी मधीच मिटलं तर भांडती. म्हणून म्हणते, छपाई थांबवू नको. ती खोडं काढ. पोरी तसल्याच पानावर जास्त वेळ थांबायल्यात, मी बगायले.

आता पुढचं. आपल्या वाडीतल्या बालाजीच्या लेकीचं लग्न ह्याच आठवड्यात झालं. डहाळे आणायच्या आदल्या सांजेला मी त्याच्या घरी गेले. तुझे आतोबा म्हणले जाऊ नको, लोक हसतील. गेले. म्या बालाजीला म्हणलं, गाडी नेऊ नको, मारुतीपुरती एक डहाळी घे, बाकी मांडवाला कापड लाव. तो चिडला. म्हणला, केशरबाई, तुमच्या कावेरीला गाडीभर पाहिजे व्हते, आन माझ्या लेकीला एक डहाळी? म्या म्हणलं, माझ्या कावेरीच्या मांडवावर काय व्हतं ते सांग. तूच जेवून गेलास त्याच्याखाली. त्याची बायको आतून बाहेर आली, माझ्याकडं बगत राहिली. तिलाबी मनात हिरवंच असणार, मला दिसत व्हतं. म्या तिला म्हणलं, बाई, मला सगळं मालूम हाय. दुसरं कुणी तुझ्या दारात हे सांगायला आलं असतं तर मी स्वतः त्याला हाकलून दिलं असतं. तिनं डोळ्याला पदर लावला आन मला बस म्हणली.

दुसऱ्या दिवशी बैल जुपले न्हाईत. शिवप्रसाद आन बालाजी चालतच वढ्यावर गेले. सोबत लेकरं. मीबी. शिवप्रसादनं कोयता काढला आन पोरीला विचारलं, कोणती? वैदेहीनं लय वेळ झाडाकडं बगितलं. आमी सगळे उन्हात उभे. तिनं एक खालची दाखवली, लहान, जिला एकबी जांभूळ धरलेलं नव्हतं. तोडताना लेकरांनी ती हातांवर झेलली, भुईला लागू दिली न्हाई. मग पोरगी बापाच्या खांद्यावर, डहाळी पोरीच्या हातात, आन सगळी मिरवणूक त्या एवढ्याशा डहाळीमागं मारुतीकडं निघाली. वाजंत्रीवाल्यांना आधी कळंना किती जोरात वाजवावं. मग त्यांनी हळूच वाजवलं.

मी सगळ्यांच्या मागं चालत व्हते. तुला खरं सांगते, राग आला. अजून हाय. ह्या पोरीला एक महिना आधी असलं सुचलं असतं तर कावेरीच्या मांडवाला एक तरी डहाळी आली असती. आता मला दुसरी लेक न्हाई, दुसरा मांडव न्हाई. वढ्याकडं मागं वळून बगितलं तर झाडाखाली सावलीत कुणाचं तरी लेकरू एकटंच झोपून राहिलेलं. सगळे निघून गेले, त्याला कुणी उठवलं न्हाई. मग मी परत गेले आन त्याच्याजवळ बसले, मिरवणूक गेली तर जाऊ दे म्हणलं.

लोभ हाय. हाय म्हणजे हाय, सारखा विचारू नको.

तुझी आत्या
केशर